कॅरोटिड धमनीतला स्पंदित प्रवाह: इनलेट-आउटलेटच्या बाउंडरी कंडिशन कशा द्यायच्या?

सायली_म | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एम.टेक.चा प्रकल्प करतेय, पुण्यात. मानेतली कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते तिथला रक्तप्रवाह सोडवायचाय. एक फाटा मेंदूकडे जातो (आतली कॅरोटिड, पुढे नुसतं आयसीए लिहिते), दुसरा चेहरा आणि डोक्याच्या त्वचेकडे (बाहेरची, ईसीए). आयसीएच्या सुरुवातीला थोडं स्टेनोसिस, म्हणजे अरुंदपणा, आहे.

सीटी अँजिओवरून भूमिती काढली. मेश (हिशेबासाठी केलेले बारीक तुकडे) आठ लाख सेलचा, भिंती न हलणाऱ्या, रक्त न्यूटोनियन (विस्कॉसिटी कायम सारखी). घनता १०६०, विस्कॉसिटी ०.००३५ पास्कल-सेकंद. ओपनफोम हे प्रवाहाचं सॉफ्टवेअर, त्यातला पिंपलफोम सॉल्व्हर, टाइमस्टेप ०.०००२ सेकंद. नाडी ७५, म्हणजे एक ठोका ०.८ सेकंदाचा.

इनलेटला (रक्त आत येतं त्या टोकाला) डॉपलरच्या, म्हणजे सोनोग्राफीने वेग मोजण्याच्या, चित्रावरून २० बिंदू वाचून वेगाचं टेबल केलं आणि ते दर ०.८ सेकंदाने पुन्हा चालू होईल असं दिलं. पूर्ण छेदावर सारखाच वेग. सर्वोच्च ०.८ मीटर/सेकंद, ठोक्याची सरासरी ०.३५. दोन्ही आउटलेटला (बाहेर जाणाऱ्या टोकांना) दाब शून्य. टोकांना दिलेल्या या अटी म्हणजेच बाउंडरी कंडिशन.

तीन गोष्टी अडल्यात.

१. प्रत्येक ठोका सुरू होताना इनलेटचा दाब एकदम २५ पर्यंत उडतो आणि पुढच्याच स्टेपला खाली येतो.
२. सिस्टोल (हृदय आकुंचन पावतं तो काळ) संपता संपता ईसीएच्या आउटलेटमधून प्रवाह उलटा आत येतो आणि तिसऱ्या ठोक्यात सॉल्व्हर कोसळतो.
३. आयसीएकडे फक्त ४५ टक्के प्रवाह जातोय. पेपरांत ६५ ते ७० टक्के वाचलंय.

तीन आठवडे झाले. यातलं कुठलं आधी सोडवू तेही कळेनासं झालंय.

---

टूस्ट्रोक | सोमवार, रात्री ११:१५

मी इंजिनाच्या इनटेक-एक्झॉस्टचं सीएफडी (प्रवाहाचं संगणकी गणित) करतो, रक्ताचं कधी केलेलं नाही. पहिल्या प्रश्नासाठी टाइमस्टेप निम्मा करून बघा, दाबाच्या उड्या बहुतेक वेळा त्यानेच जातात. आउटलेटला ठरावीक दाब देणं मला योग्यच वाटतं, आम्ही एक्झॉस्टला वातावरणाचा दाब देतो आणि उत्तरं चाचणीशी जुळतात. उलट्या प्रवाहासाठी आउटलेट लांब करा.

---

सायली_म | मंगळवार, सकाळी ७:५०

टाइमस्टेप ०.०००१ केला. उडी ५० झाली! कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट.

---

प्रवाहक | मंगळवार, दुपारी १:०५

सायली, हे दुप्पट होणं फार उपयोगाचं आहे. टेबलातली पहिली आणि शेवटची नोंद तपासा. ०.८ सेकंदाला जो वेग आहे तोच ० सेकंदाला आहे का?

---

सायली_म | मंगळवार, दुपारी १:२०

नाही. शेवटची नोंद ०.१९, पहिली ०.२४.

---

प्रवाहक | मंगळवार, दुपारी २:१०

मग उडीचं कारण मिळालं. नीट लिहितो, कारण स्पंदित प्रवाहात हा घोटाळा फार जणांचा होतो आणि बहुतेक जण मेशला दोष देत बसतात.

तुमच्या प्रवाहात द्रव दाबला जात नाही आणि भिंत हलत नाही. त्यामुळे इनलेटला वेग बदलला की नळीतलं सगळं रक्त त्याच क्षणी तेवढ्या वेगाने ढकललं गेलं पाहिजे. ते ढकलायला लागणारा दाब म्हणजे ढोबळ मानाने घनता गुणिले नळीची लांबी गुणिले त्वरण. तुमची भूमिती साधारण १० सेंमी असेल. वेगात ०.०५ ची उडी ०.०००२ सेकंदात, म्हणजे त्वरण २५०. दाब झाला १०६० × ०.१ × २५० = २६,५०० पास्कल, सुमारे २०० मिमी पारा. पिंपलफोममध्ये दाब घनतेने भागलेला असतो, म्हणून तुम्हाला २६,५०० च्या जागी २५ दिसले. टाइमस्टेप निम्मा केला की तीच उडी निम्म्या वेळात होते, त्वरण दुप्पट, दाब दुप्पट. सॉल्व्हरने तुम्ही सांगितलेलं इमानदारीने सोडवलंय.

म्हणून टाइमस्टेप कमी करण्याने जी उडी वाढते ती बाउंडरी कंडिशनमध्ये शोधायची. जी कमी होते ती इतरत्र.

नुसती टोकं जुळवून भागणार नाही. २० बिंदू सरळ रेषांनी जोडले की प्रत्येक बिंदूपाशी उतार मोडतो आणि दाबाच्या आलेखात पायऱ्या दिसतात. टेबलाची फूरिए मालिका (वेगवेगळ्या वारंवारतेच्या लहरींची बेरीज) काढा, त्यातल्या पहिल्या १० ते १२ लहरी, म्हणजे हार्मोनिक, ठेवा आणि त्यातून दर मिलिसेकंदाला एक असं नवं टेबल तयार करा. मालिका मुळातच आवर्ती असते, त्यामुळे टोकं आपोआप जुळतात, उतारासकट.

बाकीच्या दोन प्रश्नांवर रात्री लिहितो. ते जास्त महत्त्वाचे आहेत.

---

डॉ_रेडिओ | मंगळवार, सायंकाळी ६:३०

मी नाशिकला सोनोग्राफी करतो, सीएफडीमधलं मला काही कळत नाही. पण त्या ०.३५ च्या आकड्यापाशी अडखळलो.

सायली, डॉपलरच्या चित्रात वरची जी कडा असते ती त्या क्षणी सर्वांत जोरात धावणाऱ्या रक्ताची. ते बहुधा नळीच्या मध्यावरचं रक्त असतं. भिंतीजवळचं जवळजवळ थांबलेलं असतं. तुम्ही कडेचा आकडा घेऊन तो पूर्ण छेदाला दिलात. तुमच्या नळीची त्रिज्या किती? ३ मिमी असेल तर ०.३५ मीटर/सेकंदाने एका बाजूच्या कॅरोटिडमधून मिनिटाला ६०० मिलीच्या आसपास रक्त जाईल. त्यातलं ६५ टक्के आयसीएला धरलं तर दोन्ही बाजू मिळून ७८० मिली मेंदूत. मागच्या दोन व्हर्टिब्रल धमन्या यात धरलेल्याच नाहीत. विश्रांतीत सगळ्या मेंदूला मिळून मिनिटाला साधारण ७५० मिली जातं. म्हणजे हा हिशेब बसत नाही.

दुसरं, कोन. आम्ही ६० अंश किंवा त्याहून कमी कोनात वेग मोजतो. ६० अंशाला कोन लावताना ५ अंशांची चूक झाली तर वेगात १५ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. स्टेनोसिसची पायरी ठरवायला एवढं चालून जातं. २००३ च्या रेडिओलॉजिस्टांच्या सहमतीनुसार आयसीएतला सर्वोच्च वेग १२५ सेंमी/सेकंदाच्या वर गेला की आम्ही ५० टक्के किंवा जास्त स्टेनोसिस म्हणतो, २३० च्या वर ७० टक्के किंवा जास्त. पण तुम्ही त्यावरून मिली/सेकंद काढणार असाल तर हा फरक लक्षात ठेवा.

---

सायली_म | मंगळवार, सायंकाळी ७:१०

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. त्रिज्या ३ मिमीच आहे. हा हिशेब मला कुणीच सांगितला नव्हता. मग वेग किती धरू? कडेचा निम्मा?

---

प्रवाहक | मंगळवार, रात्री ११:४०

निम्मा हे फक्त पॅराबोला आकाराच्या प्रोफाइलला (छेदावर वेग मध्यापासून भिंतीपर्यंत कसा बदलतो त्या आकाराला) लागू. संथ, स्थिर प्रवाहात मध्याचा वेग सरासरीच्या दुप्पट असतो. स्पंदित प्रवाहात तो आकार ठोक्याबरोबर बदलतो, आणि किती बदलतो ते वोमर्स्ली आकडा सांगतो.

हा आकडा मी असा समजून घेतो. प्रवाह मागेपुढे होत असताना भिंतीच्या घर्षणाची खबर एका ठोक्यात किती आतपर्यंत पोचते? ते अंतर म्हणजे कायनेमॅटिक विस्कॉसिटी भागिले कोनीय वारंवारता, त्याचं वर्गमूळ. तुमच्यासाठी विस्कॉसिटी ०.०००००३३, वारंवारता ७.८५, म्हणून अंतर सुमारे ०.६५ मिमी. त्रिज्या ३ मिमी. ३ भागिले ०.६५ म्हणजे ४.६. हाच वोमर्स्ली आकडा. एकपेक्षा लहान असेल तर घर्षणाची खबर मध्यापर्यंत पोचते आणि प्रत्येक क्षणी पॅराबोलाच राहतो. महाधमनीत हा आकडा २० च्या जवळ जातो, तिथे मधला गाभा सपाट पुढेमागे सरकतो. कॅरोटिड या दोन्हींच्या मध्ये अडकलेली आहे, म्हणून सपाट प्रोफाइलही चूक आणि पॅराबोलाही चूक. त्यातही चौथ्या हार्मोनिकसाठी हाच आकडा दुप्पट, ९ च्या वर. म्हणजे सरासरी भागाला पॅराबोला शोभतो आणि वेगाने बदलणाऱ्या भागांना सपाट आकार.

वोमर्स्लीने १९५५ मध्ये लांब सरळ नळीसाठी याचं नेमकं उत्तर दिलं, बेसेल फंक्शनमधून. प्रवाहाचे हार्मोनिक तुमच्याकडे आता असतीलच, प्रत्येकाचं प्रोफाइल काढून बेरीज करायची. पायथनमध्ये पन्नास ओळींचं काम आहे. डॉक्टरांच्या आकड्यांवरून मध्याचा वेग माहीत आहे, तो धरून उलटं जाऊन प्रवाहही काढता येतो. सरासरी भागाचे निम्मे, बाकीच्या हार्मोनिकचं गुणोत्तर त्यांच्या त्यांच्या प्रोफाइलवरून.

हे जमेपर्यंत सोपा मार्ग: प्रवाह मिली/सेकंदात द्या, आणि इनलेटच्या मागे सरळ नळीचा तुकडा जोडा. स्थिर प्रवाहाच्या सूत्राने तुमच्या रेनॉल्ड्स आकड्याला (जडत्व आणि घर्षण यांच्या गुणोत्तराला), सरासरी ३८० धरला तर, जवळजवळ २३ व्यास लांबी लागते, पण ५-६ व्यासांनीही कोपऱ्यातला कृत्रिम कातर (थरांचं एकमेकांवर घासणं) फाट्यापासून दूर राहतो. खऱ्या माणसाची कॅरोटिड महाधमनीपासून वळत येते, त्यामुळे तिथलं प्रोफाइल तिरकं असतं, हे मान्य करून पुढे जायचं. माझा अनुभव असा की फाट्यापाशी इनलेटच्या आकारापेक्षा एकूण प्रवाहाचा आकडा चुकण्याने जास्त नुकसान होतं.

आता आउटलेट. टूस्ट्रोक, तुमच्या एक्झॉस्टच्या टोकाला खरोखर वातावरण आहे. तिथे दाब दिलात तर तुम्ही खरं बोलताय. सायलीने नळी कापली तिथून पुढे मेंदू आहे. सगळ्या बारीक धमन्या, केशवाहिन्या, त्यांचा रोध. दोन्ही टोकांना शून्य दाब देणं म्हणजे मेंदू आणि चेहरा दोन्ही काढून टाकून नळ्या हवेत मोकळ्या सोडल्यासारखं. मग कोणाकडे किती जायचं हे कोण ठरवणार? फक्त या १० सेंमीतली भूमिती. आयसीएत स्टेनोसिस आहे, म्हणून रक्त ईसीएकडे पळालं आणि ४५ टक्के आले.

प्रत्यक्षात सरासरी धमनीदाब ९३ मिमी पारा धरला तर मधल्या प्रतीच्या स्टेनोसिसमध्ये त्यातले थोडेसेच खर्च होतात, बाकी सगळे पुढच्या बारीक वाहिन्यांत. वाटणी पुढचा रोध ठरवतो. तुमच्या मॉडेलमध्ये तो पुढचा भाग नाही, म्हणून तो आउटलेटच्या कंडिशनमध्ये आला पाहिजे.

---

टूस्ट्रोक | बुधवार, सकाळी ८:२५

प्रवाहक, पटलं. माझा सल्ला मागे घेतो. सरळ ६५-३५ वाटणी आउटलेटला लादली तर?

---

डॉ_रेडिओ | बुधवार, सकाळी ९:००

सरासरीला चालेल, पण क्षणाक्षणाला चालणार नाही. दोन्ही धमन्यांची चाल वेगळी असते. आयसीएमागे मेंदू आहे, कमी रोधाचा, त्याला डायस्टोलमध्येही (हृदय सैल पडतं त्या काळातही) रक्त सतत लागतं. म्हणून आयसीएचा आलेख डायस्टोलभर चांगला वर राहतो. ईसीएचा आलेख टोकदार चढतो आणि डायस्टोलमध्ये बराच खाली येतो. मशीनवर कुठली कुठली ते ओळखायला आम्ही कानाच्या पुढे बोटाने हलके टिचक्या मारतो, तिथली वरवरची धमनी ईसीएचीच शाखा आहे. ईसीएवर प्रोब असेल तर आलेखात त्या टिचक्यांचे दात उमटतात. म्हणजे सिस्टोलमधलं आणि डायस्टोलमधलं वाटपाचं प्रमाण एकच असणार नाही.

---

पंपवाले_काका | बुधवार, सकाळी १०:१५

सायली, मी सांगलीकडचा, पंपांच्या कामात तीस वर्षं काढली. तुझा धागा पहिल्यापासून वाचतोय. तुला रेसिप्रोकेटिंग पंपाचं एअर व्हेसल आठवतंय का, डिप्लोमाला किंवा बीईला शिकवतात ते? पिस्टन पाणी ठोक्या-ठोक्याने ढकलतो. डिलिव्हरीच्या पाइपवर, पंपाच्या अगदी जवळ, हवा भरलेलं बंद भांडं बसवलेलं असतं. ठोका आला की जास्तीचं पाणी भांड्यात शिरतं, हवा दबते. पिस्टन परत फिरताना हवा ते पाणी बाहेर ढकलते. त्यामुळे पुढच्या लांब पाइपात पाणी जवळजवळ सारखं वाहतं.

शरीरात हेच काम मोठ्या धमन्यांची लवचीक भिंत करते. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७३३ मध्येच धमन्यांची तुलना आगीच्या बंबातल्या हवेच्या कोठीशी केली होती. ओटो फ्रांकने १८९९ मध्ये त्याचं गणित मांडलं, त्याला जर्मनमध्ये विंडकेसेल म्हणतात, म्हणजे हवेची कोठीच. एक रोध, एक साठा. तुझ्या भिंती हलत नाहीत, म्हणजे तुझ्या मॉडेलमध्ये साठाच नाही. तो आउटलेटच्या पलीकडे ठेव.

---

सायली_म | बुधवार, सकाळी १०:४०

काका, एअर व्हेसलचा आकृतीसकट दहा मार्कांचा प्रश्न आम्हाला आला होता! ते आणि हे एकच आहे हे आज पहिल्यांदा कळलं.

---

निशिगंधा | बुधवार, दुपारी १२:०५

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या आईची कॅरोटिड डॉपलर गेल्या महिन्यात झाली म्हणून हा धागा उघडला. वेग मोजून अडथळा किती ते कळतंच, मग हे सगळं गणित कशासाठी?

---

डॉ_रेडिओ | बुधवार, दुपारी १:३०

निशिगंधाताई, आईंच्या उपचारासाठी डॉपलर आणि तुमच्या डॉक्टरांचा सल्ला हेच पुरेसं आहे. हे गणित वेगळ्या प्रश्नासाठी. प्लाक (भिंतीवर साचणारा चरबीचा थर) नेमका फाट्याच्या फुगीर भागात बाहेरच्या भिंतीवरच का धरतो? तिथे रक्त भिंतीवर मंद घासतं आणि दर ठोक्याला दिशा बदलतं. कू, गिडेन्स, झेरिन्स आणि ग्लागोव्ह यांनी १९८५ मध्ये दाखवलं की जिथे ही घासण्याची दिशा मागेपुढे होते तिथेच प्लाक जाड असतो. भिंतीवरचं हे घर्षण सोनोग्राफीत नीट मोजता येत नाही. ते गणितानेच काढावं लागतं. आणि गणिताला चुकीची वाटणी दिली तर मंद घर्षणाचा तो पट्टा दुसरीकडे दिसेल किंवा लहानमोठा दिसेल. म्हणून सायली एवढी मेहनत घेतेय.

---

प्रवाहक | बुधवार, रात्री १०:२०

काकांनी मांडलंय त्यात एक घटक वाढवायचा. दोन घटकांचं विंडकेसेल वेगाने बदलणाऱ्या हार्मोनिकला नीट उत्तर देत नाही. वेस्टरहॉफ यांनी पुढे आणखी एक रोध लावला, तोच तीन घटकांचा प्रकार सगळे वापरतात. आउटलेटचा दाब = प्रवाह × पहिला रोध + कोठीचा दाब. कोठीचा दाब असा बदलतो: साठा × दाबाचा बदलदर = आत आलेला प्रवाह वजा कोठीचा दाब भागिले दुसरा रोध.

आकडे धरून दाखवतो, पुन्हा कोणाला लागतील.

इनलेटचा प्रवाह ६ मिली/सेकंद धरू, मिनिटाला ३६०. आयसीएला ४, ईसीएला २. सरासरी दाब ९३ मिमी पारा म्हणजे १२,४०० पास्कल. आयसीएचा एकूण रोध १२,४०० भागिले ०.०००००४ = ३.१ अब्ज, ईसीएचा ६.२ अब्ज, पास्कल-सेकंद प्रति घनमीटर. पहिला रोध त्या धमनीच्या लहरीवरून: घनता × लहरीचा वेग भागिले छेद. लहरीचा वेग ६ मीटर/सेकंद आणि आयसीएची त्रिज्या २.३ मिमी धरली तर ३८ कोटी येतो. ईसीए १.९ मिमी असेल तर ५६ कोटी. एकूणातून हा वजा केला की दुसरा रोध मिळाला: आयसीएला २.७ अब्ज, ईसीएला ५.६ अब्ज. साठा असा निवडा की दुसरा रोध × साठा म्हणजे कोठी रिकामी व्हायचा काळ १.६ सेकंदांच्या आसपास राहील. हा काळ मी हाताशी धरलेला आहे. तुमच्या रुग्णाचा वरचा-खालचा दाब माहीत असेल तर तो जुळेपर्यंत साठा हलवा.

सुरुवात कोठीच्या शून्य दाबापासून करू नका. १.६ सेकंद म्हणजे दोन ठोके, पूर्ण भरायला असे पाच काळ लागतात. दहा ठोके नुसते वाट पाहण्यात जातील. ८० मिमीपासून सुरू केलं तर तीन-चार ठोक्यांत स्थिरावतं.

उलट्या प्रवाहाचं: आउटलेट ५ ते १० व्यास लांब करा. वेगाला इनलेटआउटलेट प्रकारची कंडिशन द्या, म्हणजे बाहेर जाताना ग्रेडियंट शून्य आणि आत येऊ लागला तर आत आणला जाणारा वेग शून्य. ईसीएत सिस्टोलच्या शेवटी थोडं उलटं वाहणं शरीरातही होऊ शकतं, म्हणून ते दाबून टाकू नका, फक्त ते आत येताना खोटी ऊर्जा घेऊन येणार नाही एवढं बघा.

---

सायली_म | शनिवार, रात्री ११:५५

टेबल फूरिएने केलं, दाबाची उडी पूर्ण गेली. आउटलेट लांब केले. प्रवाह ६ मिली/सेकंद. विंडकेसेलची कंडिशन कोडेड फिक्स्डव्हॅल्यूमध्ये स्वतः लिहिली, मागच्या टाइमस्टेपचा प्रवाह घेऊन पुढचा दाब. पाचव्याच स्टेपला प्रवाह खालीवर व्हायला लागतो, प्रत्येक स्टेपला चिन्ह बदलतं आणि दहापट वाढतो. दहाव्या स्टेपला सगळं संपतं. टाइमस्टेप ०.०००१ च आहे. इम्प्लिसिट, म्हणजे त्याच स्टेपचा प्रवाह धरून, लिहायला हवं का?

---

प्रवाहक | रविवार, सकाळी ११:३०

इम्प्लिसिट लिहिलं तर उत्तमच, पण इथे त्याची गरज पडायला नको. हिशेब करून बघू.

मागच्या स्टेपचा प्रवाह वापरला की रोध × टाइमस्टेप भागिले नळीतल्या रक्ताचं जडत्व, हा आकडा २ च्या खाली असावा लागतो. जडत्व म्हणजे घनता × लांबी भागिले छेद. रोध आपण घनता × लहरीचा वेग भागिले छेद असा घेतलाय. भागाकारात घनता आणि छेद दोन्ही उडतात, उरतं लहरीचा वेग × टाइमस्टेप भागिले लांबी. ६ × ०.०००१ भागिले ०.०५ = ०.०१२. मर्यादेच्या दीडशे पट खाली. हे कोसळणं शक्य नाही.

तुमचं चिन्ह बदलत दहापट वाढतंय, म्हणजे तो आकडा ११-१२ च्या घरात असणार. ०.०१२ चे १२ कधी होतील? हजाराने गुणलं तर. आउटलेटला दिलेला दाब १०६० ने भागलाय का?

---

सायली_म | रविवार, दुपारी १२:०२

नाही.

रोध पास्कलमध्ये, त्यामुळे दाबही पास्कलमध्येच दिलाय. मंगळवारी तुम्ही हेच लिहिलं होतं, २६,५०० च्या जागी २५ का दिसतात ते. दुरुस्त करून चालवते.

---

पंपवाले_काका | रविवार, दुपारी १२:३०

कागदावरच्या तीन ओळींनी कोडमधली चूक सापडली. प्रवाहक, फार आनंद झाला वाचून.

---

टूस्ट्रोक | रविवार, सायंकाळी ५:४५

थोडं विषयांतर, पण याच धाग्यामुळे सुचलं. आमचं एक-सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा हवा ओढतं, म्हणजे २० मिलिसेकंदांचं आवर्तन. इनटेकच्या नळीत लहर अर्धा मीटर जाऊन परत यायला सुमारे ३ मिलिसेकंद. मी मेश लहान ठेवायला नळी मध्येच कापून तिथे ठरावीक दाब देत होतो. आता वाटतं, माझाही तोच घोटाळा आहे.

---

प्रवाहक | रविवार, सायंकाळी ७:१५

तोच आहे, आणि तुमच्याकडे जास्त त्रासदायक. हवा दाबली जाते, म्हणून लहरी खरोखर धावतात. ठरावीक दाबाच्या टोकावरून लहर उलट्या चिन्हाने परत फिरते. नळीचं मोकळं तोंड जिथे खरं आहे तिथे ते बरोबर, मध्येच कापलेल्या जागी ते खोटं प्रतिबिंब. ओपनफोममध्ये वेव्हट्रान्समिसिव्ह कंडिशन आहे, लहर बऱ्याच अंशी बाहेर जाऊ देते. पण मग पलीकडच्या एअरबॉक्सवरून परत येणारी खरी लहरही हरवते. जमलं तर नळी पूर्ण घ्या, एअरबॉक्ससकट, आणि दाब तिच्या बाहेर द्या. सायलीच्या ताठ भिंतींच्या मॉडेलमध्ये लहरीच नाहीत, म्हणून तिला हा त्रास नाही. भिंती लवचीक केल्या की तिलाही येईल.

---

सायली_म | बुधवार, सकाळी ६:२०

रात्रभर सहा ठोके चालवले. कोसळलं नाही.

कोठीचा दाब ८० मिमीपासून, म्हणजे घनतेने भागून १०.०६ पासून सुरू केला. पाचव्या आणि सहाव्या ठोक्यातला इनलेटचा दाब एकमेकांवर ठेवला, फरक एक टक्क्याच्या आत. वरचा दाब ११३, खालचा ७८. आयसीएकडे सरासरी ६६ टक्के. सिस्टोलच्या शिखराला हेच प्रमाण ६० च्या खाली येतं आणि डायस्टोलमध्ये ७० च्या वर जातं, पण त्यासाठी ईसीएचा साठा थोडा वाढवावा लागला. दोन्हीकडे १.६ सेकंद ठेवले होते तेव्हा प्रमाण ठोकाभर जवळजवळ एकच राहत होतं.

भिंतीवरच्या घर्षणाची जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवली. ०.४ पास्कलखालचा पट्टा फुगीर भागात बाहेरच्या भिंतीवर आहे, दोन्हीत. पण जुन्यात तो आयसीएमध्ये बराच वरपर्यंत चढला होता, कारण तिथून रक्तच कमी जात होतं. त्या चित्रावर मी प्रकल्पाचा एक अख्खा भाग लिहिला होता. तो काढून टाकला आहे, नव्याने लिहीन.

वोमर्स्लीचं प्रोफाइल अजून केलेलं नाही, सध्या सहा व्यासांची सरळ नळी आहे. या आठवड्यात ते करते आणि दोन्हींची तुलना इथे टाकते.

डॉक्टर, एक विनंती. ईसीएचा तुम्ही सांगितलेला टोकदार आलेख मला एखाद्या खऱ्या चित्रात बघायला मिळेल का? माझ्या आउटलेटचा आलेख त्याच्या शेजारी ठेवायचाय.

---

डॉ_रेडिओ | बुधवार, दुपारी २:१५

रुग्णाची संमती घेऊन, नाव-तारीख सगळं काढून, शुक्रवारपर्यंत पाठवतो. आयसीए आणि ईसीए दोन्ही, एकाच माणसाचे, एकाच बसणीतले. टिचक्यांचे दात असलेलाही एक पाठवेन.

---

प्रवाहक | बुधवार, दुपारी ३:४०

डॉक्टर, त्यात प्रोबचा नमुना फाट्यापासून किती अंतरावर घेतला तेवढं लिहाल का? सायली, तुलना आउटलेटच्या टोकाशी करू नका, तेवढ्याच अंतरावरचा छेद घ्या, आणि छेदाची सरासरी न घेता मध्यावरचा सर्वोच्च वेग घ्या. डॉक्टरांच्या चित्रातली कडा त्याचीच आहे.